टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? गाडी बघण्याआधी थोडा इतिहास

निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळच्या चहाच्या गाड्यावर रात्री साडेनऊनंतर दोनच विषयांवर आवाज चढतो. एक, यंदा शाहू स्टेडियमवर कुणाची टीम भारी. दोन, टू-स्ट्रोक भारी की फोर-स्ट्रोक. पहिल्या वादात मी पडत नाही. शिवाजी पेठेत जन्मलेल्या माणसाची बाजू जन्मदाखल्यावरच लिहून येते. दुसऱ्या वादात मात्र गेल्या वर्षी पडावं लागलं, कारण मला गाडी घ्यायची होती.

ऑफिसला जायची गाडी आहे. ती पुण्यात हिंजवडीच्या पार्किंगमध्ये असते आणि तीन वर्षांत तिच्या चाकाला माती लागलेली नाही. मला हवी होती मातीसाठीच. पन्हाळ्याच्या मागे पावनखिंडीकडे जाणारे कच्चे रस्ते, भुदरगडातल्या वाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, चंदगडचे जांभ्याचे लालभडक रस्ते. बजेट ऐंशी हजार, म्हणजे गाडी जुनीच. खरी डर्ट बाईक, म्हणजे शर्यतीसाठी परदेशातून येणारी, या पैशात मिळत नाही आणि मिळाली तरी तिचं पासिंग होत नाही. वाडीपर्यंत जायला डांबरी रस्ता लागतोच, आणि डांबरी रस्त्यावर नंबरप्लेट लागते. त्यामुळे माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या. जुनी टू-स्ट्रोक घ्यायची आणि तिला उंच हँडल, गाठीचे टायर लावून मातीत न्यायची. नाहीतर अलीकडची, मातीसाठीच बनवलेली फोर-स्ट्रोक शोधायची.

मी कोडिंग करणारा माणूस. निर्णय घेण्याआधी एक्सेल शीट केली. वजन, पॉवर, मायलेज, किंमत. शीट पप्पांना दाखवली. पप्पा तीस वर्षं उद्यमनगरात एका वर्कशॉपला बोअरिंग मशीनवर होते. त्यांनी चष्मा लावून मोबाईल जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाले, "ह्यात मेस्त्रीचा कॉलम कुठाय?"

तो कॉलम भरायला मला इतिहासात बरंच मागे जावं लागलं.

एक जर्मन, एक स्कॉटिश, एक इंग्रज

आधी इंजिन समजून घेऊ. चार पावलांचं इंजिन जर्मनीतल्या निकोलाऊस ओटोने १८७६ साली चालवून दाखवलं. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर काढायचा. या चार कामांसाठी पिस्टन चार वेळा खालीवर होतो, म्हणजे क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एकदा ताकद मिळते. हेच फोर-स्ट्रोक.

दोनदा फिरून एकदाच ताकद मिळणं काहींना खटकलं. स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्कने त्यानंतर काही वर्षांतच दर फेरीला ताकद देणारं इंजिन बनवलं, पण त्याला हवा भरायला वेगळा पंप लागत होता. १८९१ साली इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेने तो पंपच काढून टाकला. पिस्टनच्या खालची क्रँककेसची पोकळीच त्याने पंप म्हणून वापरली. पुढे त्याच्या वर्कशॉपमधल्या फ्रेडरिक कॉकने सिलेंडरच्या भिंतीला भोकं अशी पाडली, की पिस्टन खालीवर होतानाच ती उघडझाप करेल. आता व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, चेन नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक.

या साधेपणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. क्रँककेसमधून पेट्रोल जात असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठवता येत नाही. ते पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून जातं, म्हणून निळा धूर. दुसरं, ताजं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळका धूर बाहेर जात असतो. दोन्ही दारं एकदम उघडी. त्यामुळे ताज्या पेट्रोलचा मोठा वाटा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. टू-स्ट्रोकचं मायलेज आणि प्रदूषण या दोन्ही तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

चोपाऊ नावाचं गाव

बाहेर पळणारं पेट्रोल अडवायची युक्ती ज्या गावात पूर्णत्वाला गेली, त्या गावाचं आपल्या आरएक्सशी दुहेरी नातं आहे. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात चोपाऊ नावाचं छोटं गाव आहे. तिथे डीकेडब्ल्यू कंपनीचा कारखाना होता. त्यांची आरटी १२५ ही साधी, हलकी टू-स्ट्रोक दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आली. जर्मनी हरल्यावर तिची डिझाइनं जेत्यांच्या हाती लागली. इंग्लंडमध्ये तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने तिच्यावरून आपली १२५ सीसी गाडी काढली. आणि जपानमध्ये वाद्यं बनवणाऱ्या एका कंपनीने १९५५ साली आपली पहिली मोटरसायकल काढली, तीही आरटी १२५ समोर ठेवूनच. गाडीचं नाव वायए-१, कंपनीचं नाव यामाहा.

युद्धानंतर चोपाऊ पूर्व जर्मनीत गेलं आणि कारखान्याचं नाव एमझेड झालं. तिथे वाल्टर काडेन नावाचा इंजिनियर होता. त्याने सायलेन्सरकडे धूर सोडायची नळी म्हणून पाहिलं नाही. धुराबरोबर दाबाची एक लाट बाहेर जाते, ती नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते. नळीचा फुगवटा आणि लांबी नेमकी ठेवली, तर ती परतलेली लाट बाहेर निघालेलं ताजं पेट्रोल पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. हा एक्स्पान्शन चेंबर. त्याच्या जोरावर १९६१ पर्यंत एमझेडच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीला गेला तेव्हा तो विश्वविजेतेपदाच्या अगदी जवळ होता. शर्यतीत त्याचं इंजिन गेलं आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीत परतलाच नाही. त्याच्याबरोबर काडेनची विद्या जपानला, सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने डेगनरच्या हातून ५० सीसी वर्गाचं विश्वविजेतेपद मिळवलं. मग ही विद्या कुणा एकाची राहिली नाही.

पेठेत कुणी आरएक्सचा सायलेन्सर कापून "आवाज सोडला" की मला काडेन आठवतो. आवाज वाढतो हे खरं. पण आतला आकार बिघडला की परतणारी लाटही बिघडते आणि गाडीचा जोर कमी होतो. ज्या भागामुळे गाडी पळते तोच भाग कापून तिला जोरात पळवायला निघालेली ही मंडळी.

१९८५

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं भारतात फोर-स्ट्रोक मोटरसायकल म्हणजे मुख्यतः बुलेट. बाकी बहुतेक दुनिया टू-स्ट्रोक. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलिश गाडीवर बेतलेली, म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी चेकोस्लोव्हाकियाच्या जावावर. बजाजची चेतक टू-स्ट्रोक, साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनणारी प्रिया टू-स्ट्रोक. स्कूटरचं बुकिंग करायचं आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायचं, असा तो काळ.

१९८०च्या दशकात सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. दोन-तीन वर्षांत चार जपानी नावं भारतात आली. इंड-सुझुकी एएक्स १००, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १००. चारांपैकी तीन टू-स्ट्रोक. एकटी सीडी १०० फोर-स्ट्रोक.

सीडी १०० आणि आरएक्स १०० दोन्ही १९८५च्या. आकार जवळजवळ सारखा, दोन्ही शंभरच्या आतल्या सीसीच्या. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५० मिलिमीटर, ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. कोल्हापुरी भाषेत खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. सीडी १०० ची ताकद सात-साडेसात हॉर्सपॉवर. पण तिची जाहिरात वेगळंच सांगत होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. लिटरला ८० किलोमीटरचा दावा.

चौकातल्या वादात आरएक्स नेहमी जिंकते. घराघरात सीडी १०० जिंकली. १९९४ साली तिच्याच इंजिनाच्या घराण्यातली स्प्लेंडर आली आणि मग तो वाद मध्यमवर्गापुरता संपला.

आमच्या घरात तो २००२ साली संपला. पप्पांची आरएक्स होती, लग्नाआधीची. माझ्या वाट्याला तिची एकच आठवण आहे: टाकीवर बसून रंकाळ्याला मारलेली चक्कर आणि गरम ऑइलचा गोडसर वास. धाकटी बहीण झाली, पेट्रोल महाग होत गेलं, पप्पांनी आरएक्स विकली आणि स्प्लेंडर आणली. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "वाटलं की. पण महिन्याचं पेट्रोल निम्म्यावर आलं. निम्म्या पेट्रोलात तुमच्या दोघांचं दूध बसत होतं."

उद्यमनगरचं पाठबळ

मग कोल्हापुरात टू-स्ट्रोक इतकी वर्षं टिकली कशी? नुसत्या हौसेवर गाडी टिकत नाही. ती टिकायला तिची दुरुस्ती करणारा लागतो.

या भागात ऊस आला, गुऱ्हाळं आली, नदीकाठाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली. चालणारं इंजिन कधी ना कधी बंद पडतं. त्याचे सुटे भाग ओतायला फाउंड्र्या, घासायला लेथ, बसवायला फिटर लागले. शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली ही कामं उभी राहिली. शेतातल्या पंपाचा लायनर बोअर करणाऱ्या माणसाला आरएक्सचा सिलेंडर म्हणजे पोरखेळ.

टू-स्ट्रोकचं आयुष्य या बोअरवर चालतं. पिस्टन घासून घासून सिलेंडर मोठा आणि अंडाकृती झाला, की इंजिन दमतं. मग सिलेंडर पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. स्टँडर्ड, मग ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. तिथून पुढे नवा लायनर. यातली खरी कला पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीत आहे. पप्पा ती थाऊत सांगतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दीड थाऊ ठेवली तर गाडी पळते, कमी ठेवली तर गरम झाल्यावर पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर खडखडतो. हे काम उद्यमनगरात एका दुपारी व्हायचं. सकाळी सिलेंडर द्यायचा, संध्याकाळी न्यायचा.

आणि कोल्हापुरात मातीवरच्या गाड्या पळवणारे पहिले लोक आम्ही नव्हे. गोकुळचा दूध संघ १९६३ पासूनचा. वाड्यावस्त्यांवरचं दूध संकलनाला आणायचं काम कित्येक वर्षं राजदूत आणि बजाजच्या एम-८० ने केलं. दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये माणूस, खाली चिखल, वर पाऊस. आम्ही हेल्मेट, गुडघ्याचे पॅड घालून रविवारी ज्या वाटेवर "ट्रेल" करतो, तिथून एम-८० वाला रोज पहाटे चाळीस लिटर दूध न सांडता यायचा. त्याने टू-स्ट्रोक निवडली ती स्वस्त म्हणून, हलकी म्हणून, आणि बिघडली तर गावातलाच कुणीतरी उघडेल म्हणून.

नियम बदलला की विजेता बदलतो

टू-स्ट्रोक हरली ती कशामुळे? चौकात उत्तर मिळतं: सरकारमुळे. ते अर्धं खरं आहे.

भारतात गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ साली आली. १९९६ साली ती बरीच कडक झाली आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला, त्याला इतरही कारणं होती. २००० साली नियम आणखी आवळले. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घालून काही टू-स्ट्रोक थोडी वर्षं तगल्या, पण बाजार आधीच मायलेजकडे वळला होता. सरकारने दार लावलं तेव्हा गिऱ्हाईक बरंचसं बाहेर पडलेलं होतं.

शर्यतीच्या मातीत मात्र टू-स्ट्रोकला मायलेजने हरवलं नाही. यामाहाने १९६८ साली डीटी-१ ही २५० सीसीची टू-स्ट्रोक ट्रेल बाईक आणली आणि सामान्य माणसाला परवडणारी मातीची गाडी हा प्रकारच अमेरिकेत रुजवला. पुढची तीस वर्षं मोटोक्रॉसवर टू-स्ट्रोकचं राज्य होतं. मग १९९७ साली डग हेन्रीने लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकली. पुढच्या वर्षी तीच गाडी वायझेड ४०० एफ नावाने दुकानात आली आणि काही वर्षांत सगळ्या कंपन्या तिच्या मागे गेल्या.

यात एक मेख आहे. हेन्री ज्यांना हरवत होता त्यांच्या टू-स्ट्रोक २५० सीसीच्या होत्या. अमेरिकेच्या नियमात फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा होती, कारण दोन फेऱ्यांत एकदा ताकद देणारं इंजिन बरोबरीला आणायचं तर ते मोठं हवं. मुभा रास्त की अन्यायाची, यावर तिकडच्या चहाच्या गाड्यांवर आजही भांडणं होत असणार. मला त्यातून एवढंच कळलं की इंजिन एकटं कधीच जिंकत नाही. बर्लिनची भिंत, शंभर सीसीचं धोरण, धुराची मर्यादा, सीसीचा नियम, दुधाचा हिशोब आणि जवळचा लेथ, हे सगळे त्या शर्यतीत असतात.

करूळ घाट

एवढं वाचून मी टू-स्ट्रोकच्या बाजूला झुकलो होतो. हलकी गाडी चिखलात पडली तर एकट्याने उचलता येते. ओढ्यात इंजिनात पाणी गेलं तर प्लग काढायचा, किका मारून पाणी बाहेर काढायचं, प्लग पुसून पुन्हा निघायचं. फोर-स्ट्रोकला तसंच दामटलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

मित्राने एक जुनी टू-स्ट्रोक आधीच घेतली होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही गगनबावड्याला गेलो आणि करूळ घाट उतरायला लागलो. गाडी माझ्या हातात. तिचा ऑइल पंप आधीच्या मालकाने काढून टाकला होता, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालायचं होतं. लिटरला २० मिली. मित्राने मला सांगितलंही होतं. गगनबावड्याच्या अलीकडे मी पेट्रोल भरलं, बाटली पाठीवरच्या बॅगेतच राहिली.

उतारावर मी ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली, पुण्याच्या फोर-स्ट्रोकच्या सवयीने. फोर-स्ट्रोकचं इंजिन उताराला गाडी धरून ठेवतं आणि त्याचं ऑइल खाली सांडपात्रात असतंच. टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोराने गरागरा फिरतंय. जुने लोक उतारावर क्लच दाबून मधूनमधून ॲक्सिलरेटर पिळायचे, ते स्टाइल मारायला नव्हे. माझ्या टाकीत तर मुळात ऑइलच पुरेसं नव्हतं. चौथ्या-पाचव्या वळणावर पिस्टन सिलेंडरला चिकटला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी आडवी घसरली. क्लच दाबायचं सुचलं म्हणून चाक सुटलं आणि मी कठड्याच्या दोन हात अलीकडे थांबलो. समोरून येणारा ऊसाचा ट्रक अजून एक वळण खाली होता.

कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. घरी फक्त "गाडी बंद पडली" एवढंच सांगितलं. पप्पांनी सिलेंडर बघितला, त्यावरच्या उभ्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "उतारावर धरली न्हवं?" मी काहीच बोललो नाही. तेही पुढे काही बोलले नाहीत.

बघायचं काय

त्यानंतर मी शीटमध्ये नवे कॉलम घातले. गाडी बघायला जाताना मी आता हे बघतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

टू-स्ट्रोक असेल तर पहिला प्रश्न, बोअर कितीवर आहे? "स्टँडर्ड आहे" म्हणणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवू नका. हेड उघडलं की पिस्टनवरचा आकडा दिसतो. ऑइल पंप चालू आहे की काढलाय? किक हाताने दाबून बघा, दाब जाणवला पाहिजे. प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक, काळा ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा क्रँकचं सील गेलेलं, पांढराफटक म्हणजे कुठूनतरी हवा ओढतेय आणि ही गाडी लवकरच धरणार. थंड गाडीतून पांढरा-निळा धूर येणारच. गरम झाल्यावरही ढग येत असेल तर विचार करा.

फोर-स्ट्रोक असेल तर ती थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. चालू होताना निळा धूर म्हणजे व्हॉल्व्हची सिलं किंवा रिंगा. हेडच्या बाजूने खुळखुळ आवाज म्हणजे टायमिंग चेन. इथे दुरुस्ती "हाफ इंजिन"वर भागते की "फुल इंजिन" करावं लागतं, हे आधी मेस्त्रीला विचारा. तिथे हजारांचा फरक पडतो.

दोन्हींत शॉकअपची सिलं गळतात का बघा, आणि चासी नंबर, इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवा. निपाणी-बेळगावकडची केए पासिंग गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशोब करा. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, पर्यावरण कर वेगळा. आरएक्स हौशी लोकांनी लाखाच्या घरात नेऊन ठेवली आहे. पन्नास हजारांत "एकदम कडक" आरएक्स मिळाली, तर तिचे कागद आधी बघा, इंजिन नंतर.

आणि गाडी कोणतीही घ्या, राधानगरी अभयारण्यात किंवा फुलांच्या सड्यांवर ती घालू नका. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते. चाकाची एक रेघ तिथे वर्षानुवर्षं राहते.

कॉलम भरला

फोर-स्ट्रोकमध्ये माझ्यापुढे दोन नावं होती. हीरोची इम्पल्स, २०११ साली आलेली, लांब शॉकअपची, आपल्याकडच्या सामान्य माणसासाठीची पहिली खरी मातीची गाडी. लोकांना तेव्हा ती कळली नाही, पुरेशी खपली नाही आणि बंद झाली. आता तिचे काही भाग शोधावे लागतात. दुसरी तिची वारसदार, २०१९ पासूनची एक्सपल्स. २०० सीसी, १८ हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन दीडशे किलोंच्या वर. चिखलात पडली की दोघं लागतात. पण तिचे पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात, आणि उतारावर ती गाडी धरते.

मी पहिल्या वर्षीची, कार्ब्युरेटरवाली एक्सपल्स घेतली. बजेटच्या चार हजार वर. पप्पा बघायला आले, थंड गाडीला स्टार्टर मारायला लावला, हेडजवळ कान नेला आणि मान हलवली. मेस्त्रीच्या कॉलममध्ये मी खरं तेच लिहिलं: टू-स्ट्रोक उघडून नीट बसवणारे आमच्या ओळखीचे तिघं होते. एक वारला, एकाची नजर गेली, आणि तिसरे रिटायर होऊन आमच्या घरात टीव्ही बघतात.

मित्राची गाडी मात्र तशीच पडली होती. एका शनिवारी पप्पा स्वतःच म्हणाले, सिलेंडर घेऊन ये. ज्या वर्कशॉपला ते होते तिथे बोअरिंग मशीन अजून आहे, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी चालतं. मालकाने त्यांना बघून खुर्ची दिली, ते बसले नाहीत. काम चालू असताना मला बाजूला उभं केलं आणि मग बोअर गेज माझ्या हातात दिला. वर, मध्ये, खाली माप घ्यायचं. मग गेज नव्वद अंशात फिरवून पुन्हा तिन्ही. सहाही मापं सारखी आली पाहिजेत. माझी पहिली सहा मापं सहा वेगळी आली. सिलेंडर बरोबर होता, माझा हात हलत होता.

"परत घे," पप्पा म्हणाले.

चौथ्या खेपेला काटा सहाही जागी एकाच रेषेवर थांबला. सिलेंडर ०.५० वर गेला होता. म्हणजे ०.७५ आणि १.०० अजून शिल्लक आहेत. पुढच्या वेळी मशीन मी लावायचं, असं ठरलंय.